उकंड्याचं बोळकं

तोरणखेडच्या माणसांना त्यांच्या पायाखाली काय आहे हे सांगायला नागपूरहून साहेब यावा लागला. गावाशेजारी पांढरीचं टेकाड होतं. त्याच्या पोटात जुनं गाव आहे म्हणत. ते कधी उठलं, कशानं उठलं, कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. बाया तिथली माती भिंती पोतारायला आणत, कुणबी ती गाड्या भरभरून शेतात टाकत, पोट्टे पाऊस उघडला की तिथं मणी वेचत. आपण फार मोठ्या वैभवाच्या डोक्यावर गोवऱ्या थापतो आहोत, ही अक्कल काही कुणाला नव्हती.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. त्या साली ज्वारी पोटऱ्यात येऊन वाळली आणि कपाशीची पातीफुलं गळून पडली. दिवाळीपासूनच माणसं ओट्यावर बसून एकमेकांची तोंडं पाहत होती. गावाजवळचा निम्मा बंजाऱ्यांचा तांडा तर विळे-दोऱ्या घेऊन केव्हाच परमुलखात गेला होता. अशात पौषात शेलूबाजारच्या रस्त्यानं दोन बैलगाड्या आल्या. त्यांत तंबू होते, पेट्या होत्या, खुंट्या आणि दोऱ्यांची भेंडोळी होती, आणि मागून सायकलींवर गद्रे साहेब आणि त्यांचा कारकून होते.

"काय शोधून राह्यले साहेब? धन हाय काय आतमंदी?" दौलतराव पाटलांनी हळूच विचारलं.

"खापरं," साहेब म्हणाले.

गाव दोन दिवस हसलं. फुटक्या खापरासाठी सरकार रोजी देतं, म्हणजे सरकारचंच मडकं फुटलं, असं म्हणालं. तिसऱ्या दिवशी मात्र चाळीस घरांतली माणसं टिकास-फावडी घेऊन पांढरीवर हजर झाली. हसून पोट भरत नाही.

त्यांतच जगदेव कुंभार होता आणि त्याची बायको गोजराबाई. तळ्याचा गाळ दगड होऊन पडला होता, चाकावर चढवायला माती नव्हती, आणि ज्यांच्या घरी प्यायला पाणी नाही ते माठ कशाला घेतील? जगदेव खणायचा, गोजरा टोपलं वाहायची. पंचेचाळिशीचा हा माणूस बोलायला कमी. बोटं मात्र लांब आणि सरळ, आणि नखांत मुरलेली माती सणाच्या आंघोळीनंही निघत नसे. घरात दोघंच. पाठोपाठ तीन लेकरं गेल्यावर झालेला पोरगा सोजरबाई सुईणीनं उकिरड्यावर ठेवला आणि उचलला, म्हणजे काळाला वाटावं की हे टाकाऊच आहे. नाव ठेवलं उकंडा. काळ काही फसला नाही. अकरा वर्षांचा होऊन तो पटकीच्या साथीत सकाळी आजारी पडला आणि दिवेलागणीपर्यंत संपला. त्याला सात वर्षं झाली होती.

कारकून एके दुपारी खापरांचे ढीग लावत बसला होता. पाणी प्यायला आलेल्या जगदेवानं एक तुकडा सहज उचलला. वरचा भाग काळाभोर, खालचा तांबडा.

"ठेव तो. त्याला हात लावू नको," कारकून खेकसला.

"उपडं भाजलेलं हाय हे," जगदेव स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणालास?"

"तोंड कोंड्यात गाडलं का काळं पडते साहेब. बुडाले हवा लागते, ते तांबडं राह्यते. आवा लावतानी उपडं ठेवा लागते."

"तुला कसं ठाऊक?"

"आमच्या घरी बी करतेत ना." एवढं बोलून जगदेवानं जीभ चावली. "म्हंजे, कधीमधी."

गद्रे साहेब उठून उभेच राहिले. कागदात वाचलेली गोष्ट समोर फाटक्या बंडीत उभी होती. माणूस मनानं वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी जगदेवाच्या खांद्यावर हात ठेवला. दोन हजार वर्षांची विद्या तुझ्या हातात आहे आणि ती तुझ्याबरोबर मरता कामा नये, असं ते म्हणाले. दोन हजार म्हणजे किती, हे जगदेवाला कळलं नाही. मरण्याचं तेवढं कळलं.

त्या वर्षी शाळांतून हातकाम शिकवायचा नवा हुकूम आला होता. शालिग्राम मास्तर सूत कातणं कुणी शिकवायचं म्हणून डोकं धरून बसले होते, तर साहेबांनीच तोड काढली. रोज सकाळी दोन तास जगदेवानं शाळेत जाऊन मुलांना जुनी कुंभारकी शिकवायची, मग उकरणीवर यायचं. चाक गाडीत घालून शाळेच्या ओसरीवर आलं. माती टेकाडामागच्या डोहाच्या तळातून निघाली.

गावात पहिल्याच दिवशी कालवा झाला. "पोट्टे शायेत शिकाले धाडले का चिखल तुडवाले? आता कुंभारकी शिकून आमचे पोट्टे गाढवं हाकतीन काय?" पाटलीणबाई ओसरीसमोर उभ्या राहून म्हणाल्या. गाढवं जगदेवाच्याच दारात होती. त्यानं खाली मान घालून माती मळणं चालू ठेवलं. मास्तरांनी हजेरीच्या कागदावर त्याचा अंगठा घेतला तेव्हा दुसरीतली पोरं फिदीफिदी हसली. गुरुजीलाच सही येत नाही!

पण मातीला हात लागला की पोरांचं हसणं थांबे. जगदेव फारसं सांगत नसे. राख चाळून दाखवायचा, लीद किती घालायची ते मुठीनं दाखवायचा, मळलेला गोळा दोऱ्यानं कापून त्यात हवेचा एक फोड सापडला तरी पुन्हा मळायला लावायचा. चाक फिरलं की पोराच्या मागं बसून त्याच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवायचा. "जोर नोको लावू. माती उठून राह्यली तं तिले उठू दे. तू फक्त तिच्यासंग राह्य." सात वर्षांत त्याच्या तळव्याखाली लेकराचा हात आला नव्हता. पहिल्या दिवशी त्याला भडभडून आलं. ओला हात डोळ्याला पुसायला गेला आणि सगळं तोंड चिखलानं भरलं.

पाटलांची नात विजयमाला सगळ्यांत पुढं बसे. नऊ वर्षांची, डोळ्यांनी सगळं पिणारी. पोरीनं चाकाला हात लावायचा नाही म्हणून ती बाजूला बसून नुसत्या बोटांनी वाट्या दाबायची आणि प्रश्न विचारून भंडावायची.

"आबा, तुमी कोनापासून शिकले?"

"माह्या बापापासून."

"आन तुमच्यापासून कोन शिकलं?"

"तुमीच ना," जगदेव म्हणाला आणि चाकाला काठी लावली.

घरी जाताना तो आता जरा ताठ चालायचा. लोक चेष्टेनं 'कुंभारगुरुजी' म्हणायचे. तो हसून घ्यायचा. गोजराला रात्रीच्या भाकरीवेळी कुणाचं पोरगं कसं शिकतं ते सांगायचा. ती ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "आपल्याचा हात कसा होता जी?" तो म्हणायचा, "हलका होता." एवढ्यावर ते बोलणं थांबायचं.

माघ संपता संपता टेकाडाच्या मागच्या उतरणीवर साहेबांची नजर गेली. तिथं एक जुना निंब होता. "जगदेव, त्या झाडाखाली काय आहे?"

"काही नाही साहेब."

"काहीच नाही?"

"तथी साती आसरा हायेत. तथी कोनी जात नाही. वावराकडून खना तुमी, तथी भारी माल निंघन."

साहेब हसले. पंधरा वर्षांच्या नोकरीत ते एक गोष्ट शिकले होते. गावकरी जिथं काही नाही म्हणून हात जोडतो तिथंच काहीतरी असतं. कारकुनाकडं वळून ते इंग्रजीत काहीतरी बोलले आणि संध्याकाळी निंबाखाली खुंट्या ठोकून दोरी ताणली गेली. गप्प बसला असता तर उन्हाळा लागून उकरण उठलीही असती. जगदेवानं आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

निंबाखाली जे होतं ते तोरणखेडच्या कुंभारांच्या घरचं होतं. पोरगं चाकावर बसून पहिल्यांदा जे बोळकं उठवतं ते विकायचं नाही, वापरायचं नाही. घरच्या आव्यात कोंड्यात उपडं घालून भाजायचं, आत ज्वारीचे सात दाणे टाकायचे आणि बापानं एकट्यानं जाऊन पांढरीत पुरायचं. पांढरीनं दिलं, पांढरीला दिलं. जगदेवाचं तिथं होतं, त्याच्या बापाचं होतं, आज्याचं होतं, त्यामागं किती ते मोजायला कुणी नव्हतं. जागा बायकांना सांगायची नाही. आईची माया वेडी, ती उकरून काढील, म्हणून. उकंडा गेला त्याच्या आधी तीनच महिने त्याचं बोळकं पुरलं होतं. त्याचं पहिलंही तेच आणि शेवटचंही तेच. गोजरानं सात वर्षांत नाना परीनं विचारलं. एकदा तर पाय धरले. "मी हात नाही लावत. नुसती जागा दाखवा. तथी बसून येतो." जगदेवानं सांगितलं नाही. घराण्याची रीत मोडायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेतून लगबगीनं पांढरीवर आला तेव्हा निंबाभोवती गर्दी होती. अर्ध्या खड्ड्यातून एका ओळीत बोळकी वर आली होती, बावीस. बहुतेक चिरलेली, काहींचे नुसते काठ राहिलेले. मुळाशी असलेली तर मातीशी माती झाली होती. साहेब गुडघ्यावर बसून बारक्या कुंच्यानं एकेकावरची धूळ झटकत होते.

"अखंड! हे बघा, अखंड आहे हे!"

ओळीच्या बाहेरच्या टोकाचं बोळकं साबूत निघालं होतं. निघणारच. ते सगळ्यांत नवं होतं. पण पांढरीत सात पावसाळे गेले की मडकं सात वर्षांचं की सातशे वर्षांचं हे वरून पाहून कुंभारालाही सांगता येत नाही. अंगावर खाराचा पांढरा थर चढतो. काळं तोंड, तांबडं बूड, आणि काठ डावीकडं कललेला. जगदेवानं ओळखलं. चाक फिरत होतं तेव्हा गोजरानं आतून 'भाकर खा रे' म्हणून हाक मारली होती. पोरानं तिकडं पाहिलं, हात सरकला, काठ कलला, आत अंगठ्याचा खड्डा पडला. 'बा, बिघडलं,' म्हणून तो रडवेला झाला होता आणि जगदेव म्हणाला होता, 'पांढरी काही नावं ठेवत नाही.'

तो खाली वाकला. हात आपसूक पुढं गेला. कारकुनानं फटकन् मनगटावर मारलं. "हात मागं घे! फुटलं म्हणजे?"

जन्मभर ज्यानं हजारो मडकी उचलली, रचली, गाढवांवर लादून शेलूच्या बाजारात नेली, त्याला मडकं कसं धरायचं ते कारकून सांगत होता. जगदेवानं हात मागं घेतला. मागं वळून पाहिलं तर डोक्यावर रिकामं टोपलं घेऊन गोजरा उभी होती. ती बोळक्याकडं पाहत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडं पाहत होती.

संध्याकाळी ती चुलीपुढं बसली, पण चूल पेटवली नाही.

"त्यातलं आपल्याचं होतं काय?"

त्यानं कोनाड्यातला दिवा लावला.

"अजी, मी इचारून राह्यली. होतं काय?"

"होतं. साबूत निंघालं ते."

गोजरानं हातातली फुंकणी खाली टाकली. मग ती बोलायला लागली. "सात वर्सं म्या तुमच्या हातापाया पडली. मले नाही दाखवलं. आन आता साहेबानं पाह्यलं, कारकुनानं पाह्यलं, पाटलाच्या गड्यानं पाह्यलं. साऱ्या गावानं पाह्यलं. मायनंच नाही पाह्यलं. म्या त्याच खड्ड्यातली माती डोक्यावर वाह्यली ना हो! मले काय मालूम!"

"रीत होती व ती."

"जळो ते रीत. पांढरीनं सोडलं आता त्याले. आता ते माहं हाय. जाऊन आना."

"पांढरीले देल्लेलं वापस—"

"जाऊन आना म्हनलं ना!"

सकाळी शाळेत न जाता तो सरळ तंबूवर गेला. साहेब दाढी करत होते. मेजावर बोळकं होतं, गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. ही ओळ सापडल्याची तार मंगरूळच्या तारऑफिसातून कालच गेली होती. आता सगळा उन्हाळा काम चालणार, वरून मोठे साहेब पाहायला येणार, असं पहाटेपासून गावभर झालं होतं.

जगदेवानं सगळं सांगितलं. आयुष्यात एका दमात तो इतकं कधी बोलला नव्हता. रीत सांगितली, बापाचं सांगितलं, पोराचं सांगितलं. "बाकीचे ठेवा साहेब. ते आमच्या वाडवडलाचे हायेत, पन ठेवा. एवढं एक द्या. त्याची माय जेवली नाही कालपासून."

साहेबांच्या गालावर साबण तसाच वाळत चालला होता. "हे तुझ्या मुलानं केलं म्हणतोस? कशावरून?"

"आत बोट घाला. डाव्या अंगाले अंगठ्याचा खड्डा लागन. ल्हानसा. माहा अंगठा त्यात जात नाही."

साहेबांनी बोट आत घातलं. खड्डा होता. गद्रे साहेब मूर्ख नव्हते. त्या घडीला त्यांना सगळं समजलं होतं, असं मला वाटतं. ओळ इतकी सरळ का, एकच अखंड का, आणि या माणसानं त्या दुपारी जीभ का चावली, तेही. मग त्यांची नजर मेजावरच्या तारेच्या पावतीवर गेली. त्यांनी बोट बाहेर काढलं, रुमालानं पुसलं.

"खड्डा काल मीही पाहिला. तूही पाहिला असशील," ते हळू म्हणाले.

"साहेब, बक्षिसासाठी करतात हे लोक असं. सगळीकडचा अनुभव आहे," कारकून मागून म्हणाला.

"जा जगदेव. शाळेची वेळ झाली."

दुपारी पाटलांनी बोलावलं. पारावर चाळीस घरांतली बरीच माणसं बसली होती. जगदेवाचा चुलतभाऊ मोतीरामही त्यांत होता. घराण्याची रीत त्यालाही ठाऊक होती. त्याचंही बोळकं त्या बाविसांत होतं.

"काय रे जगदेवा," दौलतराव म्हणाले, "कारकून म्हनते, तू साहेबाले खोटं पाडून राह्यला?"

"खोटं नाही पाटील. ते माह्या उकंड्याचं हाय. मोत्याले इचारा."

मोतीरामनं मान फिरवली. त्याच्या घरात पाच तोंडं होती.

"असन," पाटील म्हणाले. "मी कुठं नाही म्हनतो? असन त्याचंच. पन तुहं खरं झालं तं काय होईन, माईत हाय? साहेब पेट्या बांधन आन उद्या निंघून जाईन. कालच्या पोराचे बोळके उकराले सरकार रोजी देते काय? हे माणसं चैत-वैशाख काय खातीन? माती?"

पाटलांनी आवाज खाली आणला आणि ते जास्तच वाईट झालं. "अबे, पोट्टा गेला तुहा. लय वाईट झालं. पन बोळकं देल्लं म्हनून तो येनार हाय काय? आन हे जे जित्ते हायेत, त्याइचं पाह्यशीन का नाही?"

जगदेवानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. ही सगळी त्याचीच माणसं. उकंड्याच्या तिरडीला यांनीच खांदा दिला होता. साथीला भिऊन लोक घरांची दारं लावून बसले होते, तेव्हा हीच माणसं पुढं झाली होती. आता ती त्याच्याकडं पाहत होती, आणि कुणाच्याही डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर तो भांडला असता.

उतरत्या उन्हात तो तंबूपुढं उभा राहिला. पाटील मागं, लोक त्यांच्या मागं.

"साहेब, मी खोटं बोल्लो. माही चूक झाली."

"कशासाठी बोललास?" कारकुनानं विचारलं.

जगदेवाला खोटं बोलायचं होतं, पण खोट्याचं कारणही आपणच पुरवायचं असतं हे त्यानं धरलं नव्हतं. "बक्षिसाच्या आशेनं," तो शेवटी म्हणाला.

साहेब त्याच्याकडं न पाहता म्हणाले, "झालं गेलं. माणूस आहे, चुकतो. शाळेचं काम चालू ठेव." त्यांच्या मनाच्या मोठेपणाची गावात तारीफ झाली. गोजरानं मात्र त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. भाकर करायची, पुढं सरकवायची, उकरणीवर टोपलं वाहायची. लोकांची रोजी तिच्या लेकराच्या बोळक्यावर चालली होती. त्यातली तिचीही होती, आणि ते तिला समजत होतं.

चैत्रात मोठे साहेब मोटारीनं आले. शाळेच्या ओसरीला आंब्याचं तोरण बांधलं. आत मेजावर पांढऱ्या कापडावर ते बोळकं ठेवलं, भोवती दोरी ताणली. सगळ्या गावाला बोलावणं होतं. बाया दाराशी दाटीनं उभ्या होत्या, त्यांत गोजरा सगळ्यांत पुढं. दोरीपासून चार हातांवर. लेकरानं केलेली वस्तू ती पहिल्यांदा नीट पाहत होती. तिनं डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही.

गद्रे साहेबांनी मुलांना समजावून दिलं. हा काठ डावीकडं कललेला आहे तो चुकून नव्हे. ओतायला सोयीचं पडावं म्हणून त्या प्राचीन लोकांनी मुद्दाम तशी रीत ठेवली होती. आपली मुलं आज तेच भांडं, त्याच पद्धतीनं घडवणार आहेत. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. पोरं एकेक करून चाकावर बसली. कुणाचं फिसकटलं, कुणाचं बसलं. कललेली पुष्कळ निघाली, पण त्यासारखं एकही नाही.

"तुमच्या गुरुजींनाच करू द्या की," मोठे साहेब हसून म्हणाले.

जगदेव चाकावर बसला. गोळा मधोमध बसवला, काठीनं चाक घुमवलं, बोटं आत घातली. बोळकं उठलं, सरळ, एकसारखं, ओठ गोल. लोकांनी वाहवा केली.

"सुंदर आहे. पण तसं नाही," गद्रे साहेब म्हणाले. "तो कल हवा."

त्यानं ते मोडून पुन्हा गोळा केला. दुसऱ्यांदा काठ येईपर्यंत त्यानं ध्यानात ठेवलं की इथं हात सोडायचा. हात सुटला नाही. पस्तीस वर्षांचं वळण. माती जरा डगमगली की बोटं तिला आपोआप सावरायची. तिसऱ्यांदा त्यानं बळंच अंगठा दाबला. काठ कलला, पण तो दाबलेला दिसत होता, आणि आतला खड्डा पोराच्या अंगठ्याहून दुप्पट झाला. विजयमालानं मेजावरच्या बोळक्याकडं पाहिलं, मग चाकाकडं. "आबा, तसं नाही झालं," ती म्हणाली. त्यानं चौथा गोळा चढवला. घाम नाकावरून मातीत पडत होता. लेकराचा एक चुकलेला हात त्याला हवा होता, आणि त्याच्याकडं तो नव्हता.

"राहू द्या, राहू द्या," गद्रे साहेब म्हणाले, आणि मोठ्या साहेबांकडं वळून खेदानं पुढं बोलले, "तो हातच गेला साहेब. ही कला आता लोपली. मुलांनो, नीट पाहून ठेवा. असं भांडं आता कुणालाही जमणार नाही."

दाराशी उभ्या असलेल्या गोजरानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बराबर हाय साहेब," ती मोठ्यानं म्हणाली. "आता कोनालेच नाही जमनार."

एक अडाणी बाई इतकं समजून बोलली याचं मोठ्या साहेबांना कौतुक वाटलं. ते तिच्याकडं पाहून हसले. ती गर्दीतून वाट काढत उकरणीकडं निघाली. जगदेव चाकावर तसाच बसून होता. मेजाजवळ कारकून बोळकं नागपूरला न्यायच्या पेटीत कोंडा पसरायला लागला होता.